शून्यापेक्षा जास्त

ओड्वार बिल घेऊन आला तेव्हा
बंदराच्या कचेरीत मी एकटीच होते,
बाहेर वार्डोची जानेवारीतली दुपार, म्हणजे रात्रच.
हातमोजे न काढता त्यानं कागद टेबलावर सरकवला.
कॉड, चार हजार किलो.
"माझ्या होडीत," तो म्हणाला,
"नऊशेलाच पाणी आत यायला लागतं."

मी नोंद उघडली. चार हजार, अगदी ठसठशीत.
"चारशे लिहायचे होते, एक पूज्य जास्त पडलं.
तुझ्या फॉर्मनं लाल अक्षरांत हटकलं,
मी म्हटलं, उद्या बघू, आणि झोपलो.
हटकलं म्हणजे आत गेलं नाही, असंच ना?"

असंच.
निदान असायला हवं होतं असंच.

त्या रात्री माझाच तीन वर्षांपूर्वीचा कोड वाचत बसले.
रकाना थेट ऑब्जेक्टला बांधलेला,
ऑब्जेक्ट थेट टेबलातल्या ओळीला,
या टोकाला हिसका दिला की ते टोक हलतंय.
आणि तपासणी मध्ये उभी,
गाडी नाका ओलांडून गेल्यावर
शिट्टी फुंकणाऱ्या शिपायासारखी.
शिट्टी खरी होती. लाल अक्षरंही खरी.
पण ऑब्जेक्टच्या अंगाला चार हजार लागून गेले होते,
आणि दुसऱ्याच कुठल्या कामात,
बहुतेक बंदरपट्टीची बेरीज करताना,
सेशननं जे जे बदललेलं दिसलं
ते सगळं मुकाट डेटाबेसात उतरवलं.
हे अजून कच्चं आहे
असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मी मधे एक कच्ची वही घातली.
साधा ऑब्जेक्ट, टेबलाशी सोयरसुतक नसलेला.
माणूस लिहील ते त्यात जसंच्या तसं:
जास्तीचं पूज्य, भलतीकडे पडलेला स्वल्पविराम,
वजनाच्या रकान्यात "दोन पेट्या आणि थोडं".
चूक पुसायची नाही,
ज्याची त्याला परत दाखवायची,
आणि दुरुस्त होईतो
खतावणीच्या आसपास फिरकू द्यायची नाही.

नवी तपासणी जुन्या ओळींवर चालवून पाहिली.
सगळ्या पास. त्यातच हे दिसलं:
ओड्वार, डिसेंबर. एक किलो.
एक किलो. एक किलो.
सलग एकोणीस दिवस, एक किलो.

फोन केला. हा कुठला मासा रे, रोज एकाच वजनाचा?
"मासा कुठला," तो म्हणाला,
"जाळं रिकामं आलं.
शून्य लिहिलं की तुझा फॉर्म म्हणतो
शून्यापेक्षा जास्त लिहा.
मग लिहितो एक. कशाला वाद?"

नियम माझाच.
एकोणीस खोट्या ओळी माझ्यासमोरून
ताठ मानेनं आत गेल्या होत्या,
आणि खरं बोलणाऱ्याला मी दारातून परतवत होते
लाल अक्षरांत, 'कृपया' लावून.
तिथं एक बरोबरचं चिन्ह वाढवलं.
काम अर्ध्या मिनिटाचं.

"आणि कोराच ठेवला तर?"
कोरा म्हणजे गेलाच नाहीस.
शून्य म्हणजे गेलास, आणि मिळालं नाही.
तो बोलेना. फोनमध्ये नुसता वारा.
"म्हणजे टुरफिनचा रकाना कोरा."
"हो."
ऑक्टोबरपासून कोरा आहे.
भावाची होडी ओड्वारनंच ओढून आणलेली,
धक्क्यामागे पालथी घातलेली.
त्या रकान्याला 'आवश्यक' असा नियम
मी लावलेला नाही.

आज सकाळी सहा चाळीसला एक नोंद आली.
ओड्वार. कॉड: 0.
लाल काही उमटलं नाही.
कच्च्या वहीतून पक्क्या वहीत
ते पूज्य नीट उतरलं, टपोरं,
मी दोनदा उघडून पाहिलं.

बिलाचं तेवढं अजून अडलंय.
ट्रॉम्सोच्या ऑफिसचं म्हणणं,
रक्कम कमी करायचा जो फॉर्म आहे
त्यात कारणाचा रकाना वीस अक्षरांचाच आहे.